बॉल अजगराची अंडी : निगा व उबवण

पाळलेल्या बॉल अजगराच्या मादीने घातलेली अंडी पिल्ले निघेपर्यंत सांभाळण्याची पद्धत. बॉल अजगर (शास्त्रीय नाव पायथन रेजियस) हा पश्चिम व मध्य आफ्रिकेतील बिनविषारी साप. घाबरला की डोके आत घेऊन तो अंग चेंडूसारखे गुंडाळतो, त्यावरून हे नाव पडले. यूरोपात त्याला रॉयल पायथन म्हणतात. हौसेने पाळल्या जाणाऱ्या सापांत तो फार लोकप्रिय आहे.

गाभण मादी अंडी घालण्यापूर्वी एकदा कात टाकते. त्यानंतर साधारण ३० दिवसांनी ती एका वेळी ३ ते ११ अंडी घालते. अंडी लांबट व पांढरी असून कवच चामड्यासारखे लवचिक असते. सुकताना ती एकमेकांना चिकटून त्यांचा गठ्ठा होतो. हा गठ्ठा ओढून सोडवू नये. आकाराने लहान, पिवळट व कडक अंडी बहुधा फळलेली नसतात. अंधारात अंड्याखाली बारीक विजेरी धरली असता आत तांबड्या रक्तवाहिन्यांचे जाळे दिसले, तर अंडे जिवंत समजावे.

कोंबड्या पाळणाऱ्याची सवय इथे घात करते. खुडूक कोंबडी दिवसातून अनेकदा अंडी फिरवते आणि त्यात पिल्लाचे हितच असते, कारण कोंबडीच्या अंड्यातील बलक दोन्ही बाजूंनी पिळदार धाग्यांनी तोललेला असतो. सापाच्या अंड्यात असे धागे नसतात. गर्भ वरच्या बाजूला स्थिरावतो व तिथेच वाढतो. नंतर अंडे उलटे झाल्यास तो दगावू शकतो. म्हणून अंडी उचलण्याआधी प्रत्येकाच्या माथ्यावर पेन्सिलीने खूण करतात आणि ती खूण शेवटपर्यंत वरच ठेवतात.

अंडी मादीपाशी ठेवावीत की उबवणी पेटीत, हा पाळणाऱ्यांमधला जुना वाद आहे. मादी अंड्यांभोवती घट्ट वेटोळे घालून बसते व त्या काळात बहुधा काही खात नाही. भारतीय अजगराची मादी स्नायू थरथरवून स्वतःच्या अंगात उष्णता निर्माण करते. बॉल अजगराच्या मादीला ती कला अवगत नाही. तिच्या वेटोळ्याचा मोठा उपयोग अंड्यांतील ओल टिकवण्यासाठी होतो. पिंजऱ्यातील तापमान व दमटपणा नीट राखता येत असेल, तर मादीवर भरवसा ठेवायला हरकत नाही. तरीही बहुतेक जण पेटीच पसंत करतात, कारण मादी लवकर खाऊ लागते. अंडी काढल्यावर तिला कोमट पाण्याने धुतात व पिंजराही स्वच्छ करतात. अंड्यांचा वास राहिला तर ती रिकाम्या जागेवरच वेटोळे घालून बसते.

पेटीसाठी थर्माकोलचा खोका, उष्णता देणारी पट्टी व थर्मोस्टॅट पुरतो. आतील झाकणाच्या डब्यात ओलसर व्हर्मिक्युलाइट किंवा परलाइट (ओल धरणारे खनिज पदार्थ) पसरून त्यावर अंडी ठेवतात. मुठीत दाबल्यावर पाणी गळू नये, इतपतच ओल हवी. झाकणावर साचलेले पाणी अंड्यांवर ठिबकू देऊ नये. तापमान ३१ ते ३२ अंश सेल्सियस असल्यास ५५ ते ६० दिवसांत पिल्ले निघतात. कमी तापमानात दिवस वाढतात; जास्त झाल्यास कण्यात बाक असलेली पिल्ले निघतात किंवा गर्भ मरतात. अशी पेटी फक्त तापवते, थंड करू शकत नाही. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात खरी अडचण हीच आहे, आणि ती थंड खोलीनेच सुटते. तापमानाचा पिल्लाच्या लिंगाशी मात्र संबंध नाही. अनेक कासवांत तापमानावर लिंग ठरते; तो नियम सापांना लागू पडत नाही.

सुरुवातीच्या आठवड्यांत अंड्यांना खळगे पडले तर ओल कमी पडली असे समजावे आणि पाणी अंड्यांवर न ओतता बाजूने घालावे. शेवटच्या दिवसांतले खळगे स्वाभाविक असतात. बुरशी दिसताच अंडे फेकण्याची घाई करू नये. बुरशी सहसा मेलेल्या अंड्यावर वाढते व शेजारचे निरोगी अंडे बहुधा तगते.

पिल्लू तोंडाच्या टोकावरील तात्पुरत्या दाताने कवच चिरते आणि डोके बाहेर काढून एक-दोन दिवस तसेच राहते. त्या वेळात ते उरलेला बलक पोटात घेत असते. त्याला ओढून काढणे ही नवख्यांची सर्वांत महाग पडणारी चूक होय. पहिली कात आठ-दहा दिवसांत पडते. खाणे त्यानंतरच द्यावे.

बॉल अजगर संकटग्रस्त वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या करारातील परिशिष्ट दोनमध्ये येतो. त्यामुळे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील २०२२ च्या दुरुस्तीनुसार भारतात त्याची नोंदणी करावी लागते व पिल्लांचा जन्मही कळवावा लागतो. नाग, धामण, भारतीय अजगर असे देशी साप मात्र नोंदणी करून पाळता येत नाहीत. त्यांची अंडी अंगणात किंवा खोदकामात सापडल्यास ती न हलवता वनविभागाला कळवावे.