राणीची बाग कोणाची? भायखळ्यातील एक फेरफटका

मंडळी, आवाज मागेपर्यंत पोचतोय ना? राणीच्या बागेत आपण बहुतेक सगळे लहानपणी हत्ती-माकडं बघायला आलोय. आज पिंजऱ्यांकडे वळायचं नाही. आज इमारती आणि पुतळे बघायचे आणि मनात एकच प्रश्न ठेवायचा : ही बाग कोणाची?

नावानं विचाराल तर व्हिक्टोरिया राणीची. १८६२ साली लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ती खुली झाली. तेव्हाची घडण बघा : रोमन धर्तीचं प्रवेशद्वार, कोरिंथियन खांब, आणि हा इटालियन वळणाचा घड्याळ-मनोरा. पण तो बांधला कोणाच्या पैशानं? डेव्हिड ससून यांच्या. बगदादहून मुंबईत आलेले ज्यू व्यापारी. म्हणजे रूप युरोपचं, पण तिजोरी मुंबईची.

शेजारच्या संग्रहालयाचंही तेच. १८६२ मध्ये पायाभरणी झाली, ती कापसाच्या तेजीच्या काळात. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं, तिकडचा कापूस बंद, त्यामुळे मुंबईत पैसा नुसता वाहत होता. १८६५ मध्ये युद्ध थांबलं, बाजार कोसळला. इमारत खुली व्हायला १८७२ उजाडलं. तिच्यासाठी झटलेले नाना शंकरशेट १८६५ मध्येच गेले, त्यांना ती पुरी झालेली पाहता आली नाही. डॉ. भाऊ दाजींना पाहता आली. १९७५ मध्ये या 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट' संग्रहालयाला भाऊ दाजींचं नाव मिळालं. आत ओतीव लोखंडाचे खांब आहेत, ते जरूर बघा.

आता इकडे या, या दगडी हत्तीपाशी. घारापुरीचा हा हत्ती. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला 'एलिफंटा' म्हटलं. १८६४ मध्ये याला इंग्लंडला न्यायचं ठरलं. उचलताना साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे इथे आले आणि १९१४ मध्ये पुन्हा जोडले गेले. सांधे नीट बघितलेत तर दिसतील. दुर्घटना झाली म्हणून हत्ती आपल्याकडे राहिला, नाहीतर तो बघायला लंडनचं तिकीट काढावं लागलं असतं!

आणि हा घोडेस्वार, म्हणजे सातवा एडवर्ड. हाच मूळचा 'काळा घोडा'. १९६५ मध्ये त्याला तिथून हलवून इथे आणलं. गंमत अशी, की घोडा गेला तरी त्या चौकाचं नाव काही गेलं नाही. इथेही तसंच. उद्यानाला वीरमाता जिजाबाई भोसले यांचं नाव दिलं, तरी तोंडात अजून 'राणीची बाग'च. पण आज ते म्हणताना व्हिक्टोरिया कोणाला आठवते?

२००७ च्या सुमारास इथल्या प्राणिसंग्रहालयाच्या कायापालटाची मोठी योजना पुढे आली, तेव्हा जुनी झाडं वाचवायला सामान्य नागरिक उभे राहिले. कमानींवर त्यांचं नाव नाही. पण सुरुवातीच्या प्रश्नाचं माझं उत्तर तेच आहे : जे जपतात, त्यांची.

चला, आता त्या झाडांच्या सावलीत बसू. तुमचे प्रश्न घेतो.