निळी खसखस आणि आमचा पानमळा

खसखशीच्या कुळातील फुले पांढरी, तांबडी वा पिवळी असावयाची, अशी आपली समजूत असते. परंतु त्याच कुळात आकाशासारखे निळे फूलही आहे. हिमालयात व तिबेटात दहा-बारा हजार फुटांवर ते उगवते. भूतानने तर त्याला राष्ट्रीय पुष्पाचा मान दिला आहे. हे फूल आपल्या बागेतील सावलीत लावता येईल काय? उत्तर नकारार्थी आहे. पण ते तसे का, हे पाहू गेल्यास बुलढाणा जिल्ह्याच्याच इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण हाती लागते.

प्रथम फुलाची हकीकत. १९१३ साली एफ. एम. बेली हे ब्रिटिश अधिकारी तिबेटात त्सांगपो नदीचा, म्हणजे आपल्या ब्रह्मपुत्रेचा, मार्ग शोधीत होते. वाटेत ही फुले त्यांच्या दृष्टीस पडली व त्यांतील एक त्यांनी वहीत दाबून आणले. पुढे १९२४ साली फ्रँक किंग्डन-वॉर्ड यांनी त्याच प्रदेशातून तिचे बी मिळविले आणि ही वनस्पती ब्रिटनमधील बागांत पोचली. इंग्लंडच्या कोरड्या भागांत तिने माळ्यांना दाद दिली नाही; स्कॉटलंडच्या ओल्या, थंड हवेत मात्र ती रमली. तिला झाडाखालची विरळ सावली, कुजलेल्या पाल्याची आम्लधर्मी माती आणि थंड उन्हाळा, ही तिन्ही लागतात. आमचे घाटावरचे बुलढाणा थंड हवेचे म्हणून नावाजलेले खरे; पण वैशाखातील झळा त्यालाही चुकत नाहीत. शिवाय आमच्या काळ्या मातीत चुन्याचा अंश फार. सावली ऊन अडविते. ती हिमालयाची थंडी आणू शकत नाही. उलट याच कुळातला पिवळा धोत्रा अमेरिका खंडातून आला आणि कोणी न बोलाविता आमच्या बांधांवर भर उन्हात नांदू लागला!

मग परमुलखातील नाजूक वनस्पती सावलीत वाढविण्याची विद्या आमच्याकडे नव्हतीच काय? होती, आणि ती घाटाखाली होती. नागवेलीचे मूळ माहेर मलाया-इंडोनेशियाकडील दमट अरण्यात. तिला कोरड्या वऱ्हाडात जगविणे सोपे नव्हे. तथापि सातपुड्याच्या पायथ्याशी, अंजनगाव-सुर्जी व अकोटपासून जळगाव जामोदपर्यंत, बारी समाजाने ते पिढ्यान्‌पिढ्या साधले. पांगारा, शेवरी, हादगा अशी झपाट्याने वाढणारी झाडे लावावयाची, त्यांच्यावर वेल चढवावयाचा, उन्हाळी वाऱ्याला आडोसा करावयाचा आणि वरचेवर थोडे थोडे पाणी द्यावयाचे. वेल उंच गेला की तो उतरवून बुंध्याशी मातीत पुरावयाचा, म्हणजे तो पुन्हा नवा होतो. बाहेर लू वाहत असताना आत ओलसर गारवा! अरण्याचा एक तुकडाच ही मंडळी शेतात उभा करीत.

यास पायथ्याच्या गोड्या पाण्याचा आधार होता. पूर्णेच्या दोन्ही तीरांवर खारपाणपट्टा आहे. तेथील विहिरींच्या पाण्यावर पानमळा होत नाही. डोंगरातून झिरपणारे पाणी पायथ्याच्या विहिरींना मिळे, म्हणून मळे तेथे वसले. आज त्या विहिरींचे पाणी खोल गेले आहे. पाणी गेले की सावली जाते, आणि सावली गेली की विद्याही जाते.

येथे इतिहासाचा एक पक्षपात आमच्या ध्यानी येतो. निळ्या खसखशीच्या शास्त्रीय नावात बेलीसाहेबांचे नाव अमर झाले. नागवेल वऱ्हाडात प्रथम कोणी रुजविली, कोणत्या झाडाची सावली कोणी निवडली, त्यांची नावे कोठेही नाहीत. त्यांची बखर त्यांच्या हातांतच होती. ज्या घरांत हे ज्ञान अद्याप शिल्लक आहे, तेथे जाऊन ते लिहून घेणे हे गावोगावच्या वाचनालयांचे व शाळांचे काम आहे. आणि डोंगरउताराचे पाणी जमिनीत मुरविणे हे आपणां सर्वांचे. परक्या फुलाचे कौतुक जरूर करावे. पण विड्याचे पान हाती घेताना त्यामागची सावली कोणी धरली होती, हेही आठवावे.