नागपूरला जाऊन येणे

"आत्या, सकाळी निघू अन् रात्री जेवायला परत घरी. जाऊन येऊ नं!"

भाचीचा फोन ठेवला आणि मी एक पाठकोरा कागद घेऊन बसले. तिचं लग्न माघात आहे. शालू नागपूरच्या इतवारीतून घ्यायचा हे घरात विचारायचं कारणच नव्हतं. हैदराबादचं नाव कुणी काढलं नाही. आदिलाबादहून हैदराबाद तीनशे किलोमीटर आणि नागपूर दोनशेच्या आत. पण अंतराचं गणित हे नंतरचं. आमच्या मराठी घरांत नुसतं 'शहरात जायचंय' म्हटलं तरी ऐकणारा नागपूरच समजतो. मोठा दवाखाना नागपूरचा, बस्ता नागपूरचा.

कागदावर मी लिहिलं: साडेपाचला निघणे. पांढरकवड्याला चहा-पोहे. आठपर्यंत हिंगणघाट. जाम, बुटीबोरी, दहाच्या आत सीताबर्डी. परतताना हिंगणघाट उजेडात ओलांडणे, कारण अंधार पडला की करंजीच्या पुढे रोही आणि डुकरं रस्त्यावर येतात. फास्टॅगमध्ये पैसे. पाण्याच्या बाटल्या. डब्यात धपाटे.

एवढं लिहायला पाच मिनिटं लागली नाहीत. तीस वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे वाट डोळे मिटूनही दिसते. पण लिहून झाल्यावर 'जाऊन येऊ' हा भाचीचा शब्द मनात घोळत राहिला. माझ्या आजीच्या बोलण्यात तो नागपूरसाठी कधी आला नाही. जैनथच्या देवळाला ती जाऊन यायची. नागपूरला 'मुक्कामाला' जायचं असायचं.

आजी या गावाला शेवटपर्यंत एदलाबाद म्हणत राहिली. खानदेशातल्या ज्या एदलाबादचं आता मुक्ताईनगर झालं ते वेगळं. हे निजामाचं एदलाबाद. ती महालातली, म्हणजे अस्सल नागपूरची, लग्न होऊन इकडे आली. आजोबा कापसाच्या अडतीवर दिवाणजी होते. तिच्या सांगण्यात माहेरची वाट अंतराने मोजलेली नसे, मुक्कामांनी असे. बैलांच्या रेंगीत बसायचं. पहिला मुक्काम नदी ओलांडून पाटणबोरी, मग पांढरकवडा, मग वडकी, मग वडनेर, आणि पाचव्या दिवशी हिंगणघाट. तिथे रेल्वे. आज ज्या पाच नावांवरून गाडी दीड-दोन तासांत निघून जाते, त्यांतल्या प्रत्येक नावाला तिच्याकडे एक विहीर होती आणि ओळखीचं एक घर होतं.

या वाटेवर तिला दोन नद्या लागत आणि नदीगणिक राज्य बदले. पैनगंगेच्या अलीकडे निजामाचा मुलूख. पलीकडे वऱ्हाड. पुढे पोहण्याजवळ वर्धा ओलांडली की नागपूरकर भोसल्यांचा जुना मुलूख, १८५४पासून इंग्रजांचा. मधलं वऱ्हाड सगळ्यांत चमत्कारिक. १८५३च्या तहाने निजामाने ते इंग्रजांच्या हवाली केलं, १९०२मध्ये कायमच्या पट्ट्याने दिलं, १९०३पासून त्याचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला. तरी कागदोपत्री मालकी निजामाचीच. वर्गात मी हे शिकवायची तेव्हा फळ्यावर दोन निळ्या रेघा काढायची आणि मुलांना विचारायची, "या दोन रेघांच्या मधे उभं राहिलं तर राजा कोण?" मुलं गोंधळायची. गोंधळायलाच हवं होतं, कारण पांढरकवड्याचा माणूसही शंभर वर्षं त्याच गोंधळात राहिला.

राजा कुणीही असो, खरी अडचण खिशात होती. निजामाचा रुपया हाली सिक्का, इंग्रजांचा कलदार. सात हाली दिले तर सहा कलदार मिळत. शंभर कलदारांना एकशे सोळा हाली रुपये, दहा आणे, आठ पै. हा हिशेब आमच्या आजोबांना तोंडपाठ होता. आजीच्या माहेरी जायचं म्हणजे आधी पंधरा दिवस कलदार जमवायला लागे. साठ कलदार हवेत तर सत्तर हाली मोजायचे, आणि ते बदलून देणारा सराफ त्यातही आपलं काढून घेणार.

आजीच्या पेटीतला एक हाली रुपया माझ्याकडे आहे. आता हे लिहिताना समोर ठेवलाय. चांदीचा, कडा झिजल्यात, पण चारमिनार स्पष्ट आहे, चारही मनोरे मोजता येतात. मधल्या कमानीत एक बारीकसं अक्षर आहे, 'ऐन', उस्मान अली खानाच्या नावातलं पहिलं. लहानपणी मला ते अक्षर म्हणजे दारात कुणी उभं आहे असंच वाटायचं. पालथा केला की फारसी मजकूर. आजीला तो वाचता येत नव्हता, पण हाली आणि कलदार ती डोळे मिटून, नुसत्या बोटांनी ओळखायची.

नाण्यानंतर नाका. निजामाच्या जकात खात्याला करोडगिरी म्हणत. सरहद्दीवर करोडगिरीचे नाके, आणि बाहेरून येणाऱ्या मालावर शेकडा पाच जकात. जाताना भीती नसे, भीती परतताना. माहेरची नवी लुगडी, भाऊबीजेचं भांडं, सगळं उघडून दाखवायचं. आजी नवं लुगडं हिंगणघाटलाच नेसून, चार दिवसांच्या प्रवासात चुरगळून, जुनं करूनच नदी उतरायची. तिच्या लेखी तो गुन्हा नव्हता. माहेरचं लुगडं 'माल' कसं असेल, एवढाच तिचा प्रश्न होता, आणि मला तो आजही बरोबर वाटतो.

आता त्या वाटेवर पिप्परवाड्याला टोलनाका आहे. पुढे केळापूर, मग दारोडा, मग बोरखेडी. गाडीच्या काचेवरची पट्टी यंत्र वाचतं आणि दांडा वर जातो. भोरजच्या तपासणी नाक्यावर मालट्रकांच्या मैल मैल रांगा आम्ही पाहिल्या आहेत. जुलै २०१७मध्ये जीएसटी आला आणि राज्याराज्यांतले विक्रीकराचे नाके उठले. त्या दिवसांत मला आजीच्या लुगड्याची फार आठवण झाली.

वाट मात्र या सगळ्यांपेक्षा जुनी आहे. उत्तरेकडून जबलपूर, शिवनी, नागपूर अशी येणारी दख्खनची वाट हिंगणघाट, पांढरकवडा, आदिलाबाद, निर्मळ करत हैदराबादला उतरते. पुढे तिला राष्ट्रीय महामार्ग ७ असा आकडा मिळाला, वाराणसी ते कन्याकुमारी. २०१०मध्ये आकडे बदलले, आणि ती श्रीनगर ते कन्याकुमारी या ४४ क्रमांकाचा तुकडा झाली. गावात अजून सगळे 'सात नंबर'च म्हणतात. चौपदरी झाल्यावर झाडं गेली. दोन्ही कडांची कडुनिंबं आणि चिंचा मला आठवतात. त्यांची सावली गेल्याचं दुःख रस्ता गुळगुळीत झाल्याच्या आनंदाने भरून निघालेलं नाही.

या वाटेने कापूस गेला तसं सैन्यही गेलं. पांढरकवड्याला पोहे खायला थांबलो की मला दर वेळी दुसरा बाजीराव आठवतो. १८१८च्या एप्रिलमध्ये पेशवा याच दोन नद्यांच्या मधल्या प्रदेशात फिरत होता, नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांची आणि चांद्याच्या किल्ल्याची मदत मिळेल या आशेवर. १७ एप्रिलला पांढरकवड्याजवळ शिवणीला कर्नल ॲडम्सच्या फौजेने त्याला गाठलं आणि फौज उधळली. दीड महिन्याने, ३ जूनला, तो असीरगडाजवळ माल्कमच्या स्वाधीन झाला. शनिवारवाड्यापासून इतक्या दूर, आमच्या रोजच्या वाटेवर पेशवाईची शेवटची धडपड झाली, हे पुण्याच्या माणसांना सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नाही. वैशाखाच्या तोंडावरचं इथलं ऊन मात्र ज्यांनी पाहिलंय, त्यांना त्या धावत्या फौजेचे हाल वेगळे सांगायला नकोत.

कापसाचं म्हणाल तर हिंगणघाट हे नावच एके काळी कापसाच्या जातीला लागलेलं होतं. वर्धेच्या खोऱ्यातला 'बनी' कापूस, लांब धाग्याचा, 'हिंगणघाट' म्हणून बाजारात विकला जाई. १८६७मध्ये नागपूरला रेल्वे पोचली, १ जानेवारी १८७७ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि वर्ध्याहून हिंगणघाटवरून वरोऱ्याच्या कोळशापर्यंत फाटा आला. निजामाच्या मुलखातल्या काळ्या मातीलाही मग उत्तरेची ओढ लागली. कापसाच्या बंड्या पैनगंगा ओलांडायच्या त्या या ओढीने. राजधानी दक्षिणेला आणि बाजार उत्तरेला, ही आमच्या गावाची तेव्हापासूनची रीत. आजही दिवाळीनंतर आदिलाबादच्या मार्केट यार्डात कापूस उतरायला लागला की वाहनांच्या रांगा रस्त्यावर येतात. म्हणून कागदावर मी आणखी एक ओळ घातली: यार्डाकडून न जाता बाहेरच्या वळणरस्त्याने निघणे.

सोय हळूहळू झाली. १९३२मध्ये निजामाच्या रेल्वेने २७ मोटारींनिशी रस्त्यावरची वाहतूक सुरू केली. आमच्या आजच्या लाल बसचं मूळ ते. सप्टेंबर १९४८मध्ये पोलीस ॲक्शन झाली. मग हाली रुपया गेला, करोडगिरी गेली. आणि १ नोव्हेंबर १९५६ला नकाशा फिरला. किनवट आणि राजुरा हे आमच्या जिल्ह्याचे तालुके मुंबई राज्यात गेले. माहूर तेव्हा किनवट तालुक्यातच. म्हणजे आमची रेणुका त्या दिवसापर्यंत आमच्याच जिल्ह्यात होती. आम्ही आंध्र प्रदेशात गेलो. २ जून २०१४ला तेलंगणात आलो. २०१६च्या दसऱ्याला जिल्ह्याचेच चार तुकडे झाले. आमच्या अंगणातल्या गाड्यांवर हे सगळं लिहिलेलं आहे: भावाच्या जुन्या स्कूटरवर एपी ०१, ज्या गाडीने आम्ही जाणार तिच्यावर टीएस ०१, शेजारच्या मुलाच्या नव्या मोटारसायकलवर टीजी ०१. माणसं तीच, घर तेच. आणि लग्नाचा बस्ताही नागपूरचाच.

नागपुरात शिरलो की मी दर वेळी शून्य मैलाच्या दगडाशी दोन मिनिटं थांबवते. वालुकाश्माचा खांब, भोवती चार घोडे. त्याच्या पायाशी गावांची नावं आणि मैल कोरलेले आहेत. हैदराबाद ३१८ मैल. त्या ३१८ मैलांत आमचं गाव येतं, पण त्याचं नाव दगडावर नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं.

आजीची एक गोष्ट राहिली. तिच्या लग्नाला चार वर्षं झाली होती, आणि नागपूरहून तार आली की थोरला भाऊ अत्यवस्थ आहे. श्रावण होता. पैनगंगेवर तेव्हा पूल नव्हता. आजोबांनी उसने कलदार आणले, त्याच रात्री रेंगी जुंपली. पहाटे नदीवर पोचले तर पाणी दोन्ही काठांना भरून वाहत होतं. नावाड्याने हात जोडले. ती दोन दिवस त्या काठावर बसून होती. रेंगीखाली चूल मांडून गाडीवानाने भाकरी केली, तिने ती हातात घेतली आणि हातातच ठेवली. पलीकडच्या काठावरही नागपूरकडून आलेल्या बंड्या अडकलेल्या होत्या. तिकडची माणसं तिला दिसत होती. त्यांच्यात कुणी महालातलं असेल, त्याला काही कळलं असेल, म्हणून तिने ओरडून विचारलं. पाण्याच्या आवाजात काही ऐकू गेलं नाही. तिसऱ्या दिवशी नाव लागली. ती माहेरी पोचली तेव्हा दहावा झालेला होता.

हे तिने मला एकदाच सांगितलं, आणि सांगताना भावाबद्दल फार बोलली नाही. पलीकडच्या त्या माणसांबद्दल बोलली. "दिसत होते गं," एवढंच परत परत.

आता टिपेश्वरच्या जंगलातले वाघसुद्धा नदी पोहून आमच्या बाजूच्या शेतांत येतात, पुन्हा परत जातात. पुलावरून गाडी एका मिनिटात जाते. पुलाच्या अलीकडे पाटी आधी तेलुगूत, पलीकडे मराठीत. तेवढ्यावरून भाचीला कळतं की नदी गेली. तेही मोबाइलमधून डोकं वर काढलं तर.

कागद पुन्हा समोर ओढला. साडेपाचला निघणे आणि पांढरकवड्याला पोहे, या दोन ओळींच्या मधे जागा कमी होती, म्हणून बारीक अक्षरात लिहिलं: पैनगंगा, पुलाच्या अलीकडे, दहा मिनिटं. आणि साडेपाच खोडून सव्वापाच केले.