कुंपणभिंत : नियम व उंची (जालना)

निवासी भूखंडाच्या हद्दीवरील भिंत किंवा कुंपण. जालन्यात तिचे नियम दोन प्राधिकरणांकडे विभागलेले आहेत. शहरात महानगरपालिका (स्थापना २०२३) नियोजन प्राधिकरण असून तेथे राज्याची २०२० ची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. लोखंडी सळ्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेले एमआयडीसी क्षेत्र या नियमावलीतून वगळलेले आहे. तेथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (स्थापना १९६२) विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून स्वतःच्या नियमावलीनुसार परवानगी देते.

राज्य नियमावलीनुसार दर्शनी भिंत रस्त्याच्या मध्यरेषेच्या पातळीपासून कमाल १.५ मी. उंच असते. वरचा ०.९ मी. भाग जाळीदार किंवा गजांचा ठेवल्यास एकूण उंची २.४ मी.पर्यंत नेता येते. बाजूच्या व मागील भिंतींची १.५ मी. उंची भूखंडाच्या सरासरी पातळीपासून मोजतात. कोपऱ्यावरील भूखंडात चौकाकडील दोन्ही बाजूंना १० मी. लांबीपर्यंत भरीव भिंत ०.७५ मी.पेक्षा उंच नसावी, उरलेली ०.७५ मी. उंची गजांची चालते. त्यामुळे वळणावर समोरचे वाहन दिसते. कारखाने, रुग्णालये, शाळा व विद्युत उपकेंद्रे यांना २.४ मी. उंचीची मुभा मिळू शकते. फाटक आवाराच्या आतच उघडले पाहिजे.

शेजाऱ्यांत हद्दीचा वाद असल्यास भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घेतात. विनापरवाना बांधकामावर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये कारवाई होते.