आबांचे नव्वद अंश आणि पुतण्याची साडेसहाशे

मागच्या रविवारी पुतण्या घरी आला तो मोबाईल पुढे करतच. "काका, ही घ्यायचीय." स्क्रीनवर रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर ६५०. गोल हेडलाइट, थेंबासारखी टाकी, तारांची चाकं, दोन्ही बाजूंना लांबलचक सायलेन्सर. बघितली की वाटावं, ही १९६५ सालची गाडी कुणीतरी धुऊन-पुसून आणून उभी केलीय.

पोरगं आयटीआय झालेलं, चाकणला कंत्राटावर. त्याने एका दमात सगळं सांगितलं. ६४८ सीसी, दोन सिलिंडर शेजारी-शेजारी, ४७ हॉर्सपॉवर, सहा गिअर. शेवटी म्हणाला, "आणि क्रँक २७० अंशांचा आहे, म्हणून आवाज असा घुमतो."

आमचे आबा कोपऱ्यात पेपर वाचत बसले होते. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून उभी हयात गेलेली. पेपर खाली न करताच म्हणाले, "दोनशे सत्तर म्हणजे उलट्या बाजूनं नव्वदच की रे. आमच्या इंजिनाचं तेच होतं."

मंडळी, त्या एका वाक्यावरून ही पोस्ट लिहितोय. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आबांचं इंजिन म्हणजे बार्शी लाइटचं. नव्या पोरांसाठी थोडक्यात सांगतो. आपलं कुर्डुवाडी स्टेशन जुन्या कागदांत 'बार्शी रोड' म्हणून सापडतं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने इथून बार्शीपर्यंत अडीच फूट रुंदीची छोटी लाइन टाकली, ती १८९७ ला सुरू झाली. १९०६ ला ती पंढरपूरला पोचली, १९११ ला लातूरला आणि १९२७ ला मिरजेला. १९५४ ला सरकारने ती ताब्यात घेतली. या शतकाच्या पहिल्या दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने सगळी ब्रॉडगेज झाली. वारीला जाणाऱ्या किती पिढ्या त्या डब्यांत बसल्या असतील, त्याचा हिशेब नाही.

आता नव्वद अंशांचं गणित. आबांनी ते किराणाच्या बिलामागे पेन्सिलने काढून दाखवलं. वाफेच्या इंजिनाला दोन बाजूंना दोन सिलिंडर. पिस्टन एका टोकाला पोचला की परत फिरण्याआधी क्षणभर थांबतो. त्या जागेला म्हणतात डेड सेंटर. तिथे कितीही वाफ सोडा, चाक फिरत नाही. दोन्ही बाजूंचे पिस्टन एकाच वेळी तिथे अडकले तर गाडी स्टेशनातून हलायचीच नाही. म्हणून एका बाजूचा क्रँक दुसऱ्यापेक्षा नव्वद अंश पुढे बसवायचा. एक थांबलेला असतो तेव्हा दुसरा जोरात असतो. "एक दमला की दुसरा ओढतो," आबा म्हणाले.

मोटरसायकलला सुरू व्हायला सेल्फ आहे, म्हणून तिथली अडचण वेगळी. दोन्ही पिस्टन एकाच वेळी थांबले आणि एकाच वेळी पळाले की क्रँकची गती दर फेरीला कमी-जास्त होते, इंजिन हिसके देतं. क्रँक नव्वद अंशांनी सरकवले की एकाचा थांबा दुसऱ्याच्या वेगात मुरतो. शिवाय पेट्रोल पेटण्याच्या दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं राहत नाही. एक ठोका लवकर, पुढचा जरा उशिरा. पोरं ज्या आवाजावर जीव टाकतात तो यातूनच येतो. उरलेली थरथर मारायला आत बॅलन्सर असतो.

गंमत पुढे आहे. ज्या जुन्या इंग्रजी गाड्यांचं हे रूप आहे, त्यांच्यात हा क्रँक नव्हताच. १९३७ ला ट्रायम्फ कंपनीत एडवर्ड टर्नरने 'स्पीड ट्विन' काढली आणि पुढची तीस-पस्तीस वर्षं इंग्लंडात तोच साचा चालला. १९५९ ची बॉनव्हिल त्याच घराण्यातली. त्यांत दोन्ही पिस्टन जोडीने वर, जोडीने खाली. बांधायला सोपं, ठोके सारखे, पण वेग वाढला की हँडल धरलेले हात बधिर व्हायचे. इंजिनातून तेल गळायचं ते वेगळंच. १९६९ ला होंडाने चार सिलिंडरची सीबी ७५० आणली आणि इंग्रजांचा बाजार उठला. मूळची इंटरसेप्टर १९७० ला बंद पडली. ट्रायम्फचा मेरिडनचा कारखाना १९८३ ला. २७० अंशांचा क्रँक रस्त्यावरच्या गाडीत बसवून दाखवला तो यामाहाने, १९९५ च्या टीआरएक्स ८५० मध्ये. म्हणजे पुतण्याच्या मोबाईलवरच्या त्या गाडीचा अंगरखा इंग्रजी, पण आतली चाल जपानी वळणाची.

आणि मग आपल्याकडे या गाडीची ओढ का? खरं सांगा, तुमच्या-माझ्या घरात कुणाकडे बॉनव्हिल होती? जुनी इंटरसेप्टर तर मद्रासला कधी बनलीच नाही. १९५५ पासून तिथे बनली ती बुलेट, एका सिलिंडरची, आधी फौजेसाठी. आपल्या आठवणीतली बुलेट फौजदाराची, डॉक्टरची, कारखान्याच्या संचालकाची. दोन सिलिंडरची म्हणाल तर राजदूत ३५०. एस्कॉर्ट्सने यामाहाच्या आरडी ३५० वरून १९८३ ला आणली, म्हणजे मेरिडनला कुलूप लागलं त्याच वर्षी. मी बार्शीला कॉलेजात असताना एक बघितली होती. पळायची वाऱ्यासारखी आणि पेट्रोल प्यायची म्हशीने पाणी प्यावं तशी. ज्या देशात गाडी बघायच्या आधी 'किती देते?' विचारतात तिथे ती टिकणार कशी? दशक संपता संपता ती थांबली.

म्हणजे हे रूप आपल्या आठवणीतलं नाहीच. लांबून बघितलेल्या मोठेपणाची ती आठवण आहे. बुलेटवरून उतरणाऱ्या माणसाला लोक वाट करून द्यायचे ना, ती. कंपन्यांनी हे बरोबर ओळखलं. ट्रायम्फने २००१ ला बॉनव्हिल नव्याने आणली. आपल्याकडे २०१८ च्या नोव्हेंबरात इंटरसेप्टर आली, एक्स-शोरूम अडीच लाखांत. २०१६ ला महिंद्रांच्या क्लासिक लेजेंड्सने बीएसए विकत घेतली, २०२० ला टीव्हीएसने नॉर्टन, आणि बजाज २०२३ पासून चाकणला ट्रायम्फ बनवतंय, एका सिलिंडरची का होईना. ज्या इंग्रजांनी आपल्याला इंजिनं विकली त्यांची नावं आज आपण चालवतोय. याचा अभिमान वाटतो, खोटं कशाला बोलू. आणि गाडी चांगलीच आहे. बटन दाबलं की सुरू, तेल गळत नाही, दोन्ही चाकांना एबीएस.

पण हिशेबही मांडू. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि त्यावरच्या गाड्यांचा ४० टक्के. आधी सेस धरून तो ३१ होता. म्हणजे बापाच्या आठवणीतली एका सिलिंडरची बुलेट स्वस्त आणि पोराच्या स्वप्नातली दोन सिलिंडरची महाग. समजा ३ लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी काढलं, तर हप्ता साडेसहा हजार आणि परतफेड ३ लाख ९१ हजारांच्या आसपास. कंत्राट मात्र अकरा महिन्यांचं. पुतण्याला मी 'घेऊ नको' म्हटलं नाही. कंत्राट पुढे वाढेल याची खात्री कर आणि मग घे, एवढंच म्हटलं. तोंड वाकडं केलं त्याने.

मला खरी टोचणी लागली ती दुसरीच. हा पोरगा आयटीआयला इंजिनच शिकला. २७० अंशांचं कौतुक त्याला व्हिडिओतून कळलं. नव्वद अंशांवर चाकं बसवणारा माणूस त्याच्याच घरात बसून होता आणि त्याला कधी कुणी विचारलं नाही. त्याचं काय सांगू, पंचवीस वर्षं पत्रकारिता करून मीही विचारलं नव्हतं. नॅरोगेज गेली तेव्हा 'रुळांवरून उतरल्या आठवणी' छाप बातमी मी केली होती, शेवटच्या गाडीच्या फोटोसकट. क्रँक कसा बसवतात हे त्यात एका ओळीनेही नव्हतं.

कुर्डुवाडीत असे किती फिटर, टर्नर, बॉयलरवाले अजून घरात असतील? बहुतेक सत्तरीच्या पुढचे. ज्यांच्या घरी आहेत त्यांनी मोबाईल काढा आणि त्यांना बोलतं करा. 'कसे होते ते दिवस' असं विचारू नका, नुसतं हूं म्हणतील. 'हे कसं बसवायचात?' असं विचारा, बोलायला लागतील. कुणाकडे रेकॉर्डिंग असेल तर मला कळवा, एका जागी गोळा करू.

परवा संध्याकाळी पुतण्याचा फोन आला. मला वाटलं कर्जाचं काहीतरी. म्हणाला, "काका, त्या बिलामागच्या चित्राचा फोटो पाठवा ना, शिफ्टमधल्या पोरांना दाखवायचाय." मी घरभर शोधलं. बिल सापडलं नाही. आबांना सांगितलं तर म्हणाले, "त्यात काय, पुन्हा काढू. रविवारी ये म्हणावं त्याला."