न आलेल्या नौका : कल्याणची युद्धकालीन छावणी आणि रणगाडावाहू जहाजांची टंचाई

उल्हासनगरात पत्ता सांगावयाचा तो आजही 'कॅम्प'च्या क्रमांकाने. रेल्वेमार्गाच्या पूर्वेस वसलेला कॅम्प नंबर चार हा त्या पाच क्रमांकांपैकी एक होय. तेथे राहणाऱ्या विद्यार्थ्याला हा शब्द इतका अंगवळणी पडलेला असतो की, तो मूळचा लष्करी आहे याची त्यास क्वचितच आठवण होते. दुसऱ्या महायुद्धात उभारलेल्या कल्याण संक्रमण छावणीत सुमारे ६,००० सैनिक व ३०,००० इतर माणसे यांच्या निवासाची सोय होती. तीत २,१२६ बराकी आणि सुमारे १,१७३ घरे बांधण्यात आली होती. या छावणीची चर्चा आपल्याकडे बहुधा १९४७ पासून, म्हणजे सिंधी निर्वासितांच्या आगमनापासून सुरू होते. तत्पूर्वीच्या काळाचा उल्लेख एखाद्या वाक्यात उरकला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते त्या वाक्यात पुष्कळ काही राहून जाते.

संक्रमण छावणी म्हणजे वाट पाहण्याची जागा. सैनिक तेथे राहावयास येत नाही. पुढे जावयास येतो. पुढे जाण्यासाठी एक तर गाडी हवी, नाही तर जहाज. कल्याण हे या दृष्टीने मोक्याचे ठिकाण होते. पश्चिमेस मुंबई बंदर, ईशान्येस कसारा घाटातून नाशिक व भुसावळ, आणि आग्नेयेस कर्जतवरून पुणे व मद्रास असे फाटे तेथून फुटतात. छावणी या शेवटच्या फाट्यावर होती. गाड्यांची व्यवस्था आपल्या परिचयाची आहे. जहाजांची बाजू मात्र अपरिचित आहे, आणि तीतही एका विशिष्ट जातीच्या जहाजाची. हे जहाज म्हणजे एल. एस. टी., अर्थात रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरविणारी नौका.

१९४० साली डंकर्कहून ब्रिटिश सैन्य अवजड साहित्य मागे टाकून परतले. परत युरोपच्या भूमीवर जावयाचे तर बंदर हाती नसतानाही रणगाडे उतरविता आले पाहिजेत, ही निकड तेव्हा उघड झाली. प्रारंभी व्हेनेझुएलातील माराकाइबो सरोवराच्या उथळ पाण्यासाठी बांधलेल्या तेलवाहू जहाजांना नाळेशी दार बसवून प्रयोग करण्यात आला. त्यांपैकी 'बाचाकेरो' हे जहाज मे १९४२ मध्ये मादागास्करच्या मोहिमेत वापरले गेले. म्हणजे या प्रकारच्या नौकेची पहिली परीक्षा हिंदी महासागरातच झाली. पुढे अमेरिकेच्या नौदलातील जॉन नीडरमायर यांनी नोव्हेंबर १९४१ मध्ये आखलेल्या आराखड्यावरून ३२८ फूट लांब व ५० फूट रुंद अशी नवी नौका सिद्ध झाली. अमेरिकेत अशा एक हजारांहून अधिक नौका बांधल्या गेल्या आणि उधार-पट्ट्याच्या करारान्वये त्यांपैकी शंभराहून अधिक ब्रिटनला मिळाल्या.

तिची खुबी तिच्या पोटात होती. भर समुद्रात स्थैर्यासाठी जहाज खोल बुडालेले असावे लागते, तर किनाऱ्याला लागण्यासाठी ते उथळ तरंगावे लागते. या परस्परविरोधी गरजा पाण्याच्या टाक्यांनी भागविल्या. प्रवासात टाक्या भरून घ्यावयाच्या आणि किनारा जवळ येताच रित्या करावयाच्या. वाळूवर चढण्यापूर्वी मागील बाजूस नांगर टाकून ठेवावयाचा, म्हणजे परतताना त्याच्याच दोरखंडावर जहाज मागे ओढून घेता येई. पुढील दोन कवाडे उघडली की उतरंड खाली पडे आणि सुमारे २० रणगाडे एकामागून एक बाहेर येत. वेग मात्र ताशी अकरा-बारा सागरी मैलांच्या आसपास. खलाशांनी एल. एस. टी. या आद्याक्षरांचा अर्थ 'मोठे, संथ लक्ष्य' असा लावला होता, तो उगाच नव्हे.

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. १९४२-४३ मध्ये मुंबई इलाख्यात समुद्रावरून चढाई करण्याच्या शिक्षणाची मोठी तयारी चालू होती. खडकवासल्याच्या तलावाकाठी संयुक्त प्रशिक्षण केंद्र होते आणि उत्तर काठावर 'अँगोस्तुरा' या नावाचे लुटुपुटीचे जहाज उभारलेले होते. त्यावरून जवानांना किनाऱ्यावर उतरण्याचे धडे दिले जात. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी पुढे हीच जागा निवडली गेली, त्यास या जुन्या केंद्राचे अस्तित्व हेही एक कारण होते. पुणे परिसरात ३६ वी हिंदी डिव्हिजन, तर तत्कालीन अहमदनगरच्या परिसरात ब्रिटिशांची २ री डिव्हिजन अशाच चढाईसाठी सिद्ध होत होती. रॉयल इंडियन नेव्हीनेही उतरण-होड्यांचा स्वतंत्र विभाग काढला व मंडपम येथे 'हमला' हे तळ-केंद्र स्थापिले. हे नाव पुढे मालाडजवळच्या मार्वे येथील केंद्राकडे आले.

माणसे तयार होती, होड्या येत होत्या. पण मोठ्या नौकांचा प्रश्न दिल्लीत सुटणारा नव्हता. ऑगस्ट १९४३ मध्ये माउंटबॅटन यांची आग्नेय आशियाच्या सरसेनापतिपदी नेमणूक झाली. नोव्हेंबरमध्ये कैरो येथे चँग कै-शेक यांना बंगालच्या उपसागरात मोहीम काढण्याचे आश्वासन मिळाले. या मोहिमेचे लक्ष्य अंदमान हे होते आणि तिचे सांकेतिक नाव 'बकॅनीर'. त्यानंतर तेहरानला स्टालिन यांच्याशी युरोपातील दुसऱ्या आघाडीची बोलणी झाली, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच ही मोहीम रद्द करण्यात आली. माउंटबॅटन यांच्याकडील उतरण-नौका भूमध्य समुद्राकडे परत बोलाविण्यात आल्या. २२ जानेवारी १९४४ रोजी इटलीत आन्झिओ येथे सैन्य उतरले. आराकानच्या किनाऱ्यावरील 'पिगस्टिक' ही लहान योजनाही पाठोपाठ बारगळली.

याच महिन्यात, ३० डिसेंबर १९४३ रोजी, नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी पोर्ट ब्लेअर येथे तिरंगा फडकविला. अंदमानवरील चढाई रद्द होऊन तेव्हा चार आठवडेही झाले नव्हते. या दोन घटनांचा कार्यकारणसंबंध जोडण्याचा मोह आवरला पाहिजे. परंतु नौका जागच्या जागी राहिल्या असत्या तर त्या बेटावर पुढील काही महिन्यांत हिंदी सैन्याला आझाद हिंदच्या ध्वजासमोर उतरावे लागले असते, एवढे तरी खरेच.

ही टंचाई केवळ जहाजांच्या संख्येची होती काय? येथे मतभेदास जागा आहे. नॉर्मंडीवरील चढाईसाठी मेऐवजी जून १९४४ ठरविण्यामागे आणखी एक महिन्याचे नौका-उत्पादन पदरात पडावे हा हेतू होता, हे ध्यानी घेतल्यास टंचाई खरी होती असेच म्हणावे लागेल. परंतु त्याच काळात अमेरिकेने पॅसिफिकमध्ये अशा पुष्कळ नौका गुंतविल्या होत्या. तेव्हा नौका नव्हत्या असे म्हणण्यापेक्षा, त्या कोणाला आधी द्यावयाच्या या यादीत हिंदुस्थानचा क्रम शेवटचा होता, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

याचा परिणाम विलक्षण झाला. समुद्रासाठी शिकलेली माणसे डोंगरांत लढली. ३६ वी डिव्हिजन फेब्रुवारी १९४४ मध्ये आराकानच्या आघाडीवर गेली. एप्रिलमध्ये जपान्यांनी कोहिमास वेढा घातला तेव्हा २ री डिव्हिजन तातडीने दिमापूरकडे धाडण्यात आली आणि तिने कोहिमाच्या चढावर जूनपर्यंत झुंज दिली. अंदमानची मोहीम निघाली असती तर कोहिमाच्या मदतीस हे ताजे सैन्य मोकळे राहिले असते काय, याविषयी प्रस्तुत लेखकास शंका वाटते. न आलेल्या नौकांनी पूर्व सीमेवरील लढाईचा निकाल अशा रीतीने आडवळणाने घडविला.

१९४५ च्या जानेवारीत आराकान किनाऱ्यावर अखेर चढाया झाल्या : ३ रोजी अक्याब, १२ रोजी म्येबोन, २१ रोजी रामरी आणि २२ रोजी कांगाव. खारफुटीने वेढलेल्या चिंचोळ्या खाड्यांत मोठ्या नौकांना वाव नव्हता. तेथे रॉयल इंडियन नेव्हीच्या होड्यांनीही भार वाहिला. कांगावच्या लढाईत ५१ व्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे नायकत्व हिंदी अधिकाऱ्यांकडे होते : थिमय्या, एल. पी. सेन आणि कोल्हापूरकडचे शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. थोरात यांना येथील कामगिरीबद्दल डी. एस. ओ. हे पदक मिळाले. २ मे रोजी रंगूनवर २६ वी हिंदी डिव्हिजन समुद्रमार्गे गेली, तेव्हा शहर जपान्यांनी आधीच सोडले होते.

जर्मनीच्या शरणागतीनंतर मलायावरील 'झिपर' मोहिमेसाठी पुरेशा नौका एकदाच्या लाभल्या. पण जूनमध्ये ब्रिटिश सैनिकांच्या परदेशी सेवेची मुदत कमी झाली व अनुभवी माणसे मायदेशी परतावयास पात्र ठरली. नौका आल्या तेव्हा माणसे निघाली! ९ सप्टेंबर १९४५ रोजी मोरिबच्या किनाऱ्यावर सैन्य उतरले ते जपान शरण आल्यावर. वरवर टणक भासणाऱ्या त्या वाळूखाली चिखल होता. अनेक वाहने तेथेच रुतली. समोर शत्रू असता तर काय झाले असते, याची कल्पना कोणत्याही सेनाधिकाऱ्यास करता येईल.

युद्ध संपताच छावणी ओस पडली. दोन वर्षांनी कराचीहून जहाजांनी मुंबईस आलेली कुटुंबे त्या बराकींत शिरली. मधोमध मोठे दालन व दोन्ही टोकांस खोल्या अशी बहुतेक बराकींची रचना होती; दालनात गोणपाटांचे आडपडदे लावून अनेक संसार थाटले गेले. पुन्हा वाट पाहणारी माणसेच तेथे आली, मात्र त्यांना पुढे जावयाचे नव्हते. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली व वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले.

त्याच वर्षी ब्रिटिश नौदलाची 'अ‍ॅव्हेंजर' ही रणगाडावाहू नौका भारताकडे आली. अमेरिकी नौका पुरेनात म्हणून ब्रिटनने युद्धाच्या अखेरच्या काळात स्वतः बांधावयास घेतलेल्या तिसऱ्या मालिकेतील ही नौका. तिचा मूळ क्रमांक ३०११, बांधणी बेलफास्टच्या हारलंड अँड वुल्फ कारखान्याची. पाण्यातून सरपटत काठावर येणाऱ्या या जहाजास भारतीय नौदलाने 'मगर' हे समर्पक नाव दिले. तेच नाव १९८७ साली दुसऱ्या नौकेकडे गेले, आणि ती ६ मे २०२३ रोजी सेवानिवृत्त झाली.