हातांनीं बोलणाऱ्यांचीं संमेलनें

एखाद्या थोर पुरुषाच्या चाहत्यांनीं वर्षांतून एकदां जमावें, त्याच्या जन्मदिनाच्या निमित्तानें भाषणें करावीं आणि मिष्टान्न सेवून घरीं जावें, यांत नवल तें काय? परंतु १८३४ च्या नोव्हेंबरांत पॅरिस शहरीं अशी जी मेजवानी झाली, तिच्यांतील भाषणें वाणीनें झालीं नाहींत. तीं हातांनीं झालीं.

ज्याच्या स्मरणार्थ ती भरली, तो धर्मगुरु द लेपे १७१२ सालीं व्हेर्साय येथें जन्मला. १७६० च्या सुमारास दोन बहिऱ्या बहिणी त्याच्या पाहण्यांत आल्या. त्यांना धर्मशिक्षण द्यावें या हेतूनें त्यानें खुणांचा अभ्यास आरंभिला आणि त्यांतूनच पुढें त्याची मोफत शाळा उभी राहिली. खुणांची भाषा त्यानेंच निर्माण केली असें पुष्कळदां लिहिलें जातें. तें खरें नव्हे. पॅरिसचे कर्णबधिर लोक ती आपसांत बोलतच होते, आणि देलोज नांवाच्या एका बहिऱ्या पुस्तकबांधणीवाल्यानें १७७९ सालीं पुस्तक लिहून तशी ग्वाही दिली आहे. द लेपेनें त्या भाषेस शाळेचें दार उघडलें. पण हें एवढेंच कांहीं थोडें नव्हे.

मेजवानीचा प्रवर्तक फेर्दिनां बेर्त्ये हा त्याच संस्थेंत शिकून तेथेंच शिक्षक झालेला कर्णबधिर गृहस्थ. त्या सुमारास संस्थेचे चालक उच्चारशिक्षणाकडे झुकूं लागले होते, आणि बहिऱ्या शिक्षकांस आपलें स्थान जातें कीं काय अशी धास्ती पडली होती. म्हणजे ही नुसती जेवणावळ नव्हती. खुणांनीं भाषण करावयाचें तर उजेड हवा आणि वक्ता सर्वांस दिसावयास हवा; येथें ती सोय कोणाकडे मागावी लागली नाहीं, कारण यजमानच कर्णबधिर होते. उलट जे थोडे ऐकणारे पाहुणे येत, त्यांनाच दुसऱ्याकडून अर्थ समजावून घ्यावा लागे! तथापि समतेच्या या पंक्तींत स्त्रियांना कित्येक वर्षें पान मांडलेलें नव्हतें, हेंही सांगितलें पाहिजे.

असें भराभर बोलणाऱ्या माणसांस ‘मुके’ म्हणावें तरी कसें? मराठींत ‘मूकबधिर’ मागें पडून ‘कर्णबधिर’ शब्द रूढ होत आहे, तो याच कारणास्तव योग्य होय.

१८८० च्या सप्टेंबरांत मिलान येथें बधिरशिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिची तऱ्हा अगदीं निराळी. १६४ प्रतिनिधींत कर्णबधिर एकच, अमेरिकेचे जेम्स डेनिसन. बहुसंख्य प्रतिनिधि इटालियन व फ्रेंच होते, आणि वाणीचें शिक्षण खुणांहून श्रेष्ठ होय असा ठराव १६० विरुद्ध ४ मतांनीं संमत झाला. ज्यांच्या भाषेचा निवाडा व्हावयाचा, त्यांनाच सभेंत जागा नव्हती. पुढें युरोपांतील शाळाशाळांतून खुणांस बंदी झाली, बहिऱ्या शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या, आणि हात हलविणाऱ्या मुलांस शिक्षा होऊं लागल्या.

१८८९ सालीं, द लेपेच्या मृत्यूस शंभर वर्षें झालीं तेव्हां, कर्णबधिरांनीं पॅरिसमध्यें आपली स्वतःची आंतरराष्ट्रीय परिषद भरविली. शिक्षकांच्या परिषदेस मात्र फार अवधि लागला. २०१० च्या जुलैंत कॅनडांतील व्हँकूव्हर येथें तिचें एकविसावें अधिवेशन झालें. तेथें मिलानचे ठराव झिडकारण्यांत आले आणि त्यांच्या परिणामांबद्दल जाहीर खेद व्यक्त करण्यांत आला.